रूथच्या कबरीवरची मेणबत्ती

भुताखेतांना आपण बापजन्मी घाबरलो नाही. आता कबरस्तानाकडं फिरकलोच नाही, ही गोष्ट वेगळी.

थिओफिल उजगरेला मात्र ईस्टरच्या पहाटे तिथं जावंच लागलं. त्याला चर्चच्या मंडळीचा वडील व्हायचं होतं, म्हणजे पाळकांच्या खालोखाल मान, आणि मेणबत्त्या लावून झाल्या की पाळकसाहेब तिथंच सगळ्यांची संमती घेणार होते.

थिओफिलनं बायकोच्या कबरीवर मेणबत्ती लावली. ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. वारा तर नव्हता. शेजारच्या ज्योती ताठ उभ्या होत्या. त्याच्या मानेवर गार श्वास आल्यासारखं झालं. मागं कुणीच नव्हतं. शेवटी मेहुणी दीनाबाईंनी काडी ओढली, तेव्हा ज्योत टिकली.

"कुणाची हरकत?" पाळकांनी जांभई दाबत विचारलं.

"हरकत कसली?" थिओफिलनं छाती काढली. "शास्त्र सांगतं, वडिलानं आधी आपलं घर नीट चालवावं. माझी रूथ जन्मभर माझ्यापुढं अवाक्षर बोलली नाही!"

फू केल्यासारखी ज्योत विझली. लोक मागं सरकले. दीनाबाई तेवढ्या कबरीपाशी बसून राहिल्या.

"दाजी, तिला तुमच्यापुढं बोलायला मरावं लागलं. मग या मंडळीनं काय करायचं?"