पायी आलेली सावळी

"स्वस्तातली आहे ती. ट्रॅकवर दोन फेऱ्यांत रडेल, मग विनायक दुकानात परत देईल."

टायर बोलत असत त्या काळी एका गॅरेजात शर्यतीच्या महागड्या टायरांतल्या आत्याबाई शेजारणीच्या कानात कुजबुजल्या. गाडीला नुकत्याच बसवलेल्या सावळी नावाच्या नव्या टायरने ते ऐकलं. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे चालेल म्हणून गाडीचा मालक विनायक याने तिला तिघी बहिणींसह आणलं होतं. ठेवायचं की नाही, ते रविवारी ठरणार होतं.

रविवारी आत्याबाई टेंपोत बसून आल्या आणि धावण्याआधी गरम व्हायला उबदार कापडात गुंडाळून बसल्या. सावळी खड्डे, खडी तुडवत आली आणि तशीच ट्रॅकवर उतरली. वीस फेऱ्या धावली, एकाही वळणावर घसरली नाही. मग त्याच गाडीला आत्याबाई लागल्या, तेव्हा फेरीला दोन सेकंद कमी लागले.

"बघा, म्हटलं नव्हतं?" आत्याबाई हसल्या.

विनायकने पाना उचलला, घरी जायला सावळीला आणि तिच्या बहिणींनाच पुन्हा लावलं आणि मित्राला म्हणाला, "ह्याच राहू देत. पुढच्या वेळी टेंपो नको."

तेव्हा सावळी मोठ्याने बोलली, "आत्याबाई, दोन सेकंद हरले, मान्य. पण तुम्ही बसून आलात, मी माझ्या पायांनी आले. खड्ड्यांची ही वाट एकदा चालून दाखवा, मग मला रडकी म्हणा!"