ओला चुना

"पण नाव कुठे आहे?" एलायसने पुन्हा विचारलं.

"नाव नाही," ब्रदर मिंगेल म्हणाले.

"मग आत कोण आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळत नाही."

"आणि तरी रोज इथे थांबता."

ब्रदर भिंतीतल्या त्या कोनाड्यासमोर आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग किल्ल्यांचा जुडगा सावरत पुढे निघाले.

रोम शहराच्या वेशीबाहेर, द्राक्षांच्या एका मळ्याखाली ही भुयारं आहेत. सतराशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती लोकांनी आपली मेलेली माणसं ठेवण्यासाठी ती खोदली. एकाखाली एक असे तीन मजले. दोन्ही अंगांच्या भिंतींत, जमिनीपासून छतापर्यंत, फडताळासारखे कोनाडे. एकेका कोनाड्यात एकेक माणूस. विटा लावून तोंड बंद करायचं, वर चुना लिंपायचा, की झालं.

ब्रदर मिंगेल एक्केचाळीस वर्षं या भुयारांची राखण करत होते. मूळचे वसईकडल्या उमराळ्याचे. मराठी बोलायला कुणी मिळत नसे, त्यामुळे एखादा शब्द मध्येच हरवायचा. मग ते थांबून तो शोधत. घाई करत नसत.

डॉक्टर एलायस मच्याडो भुईगावचा, म्हणजे तिकडचाच. थडग्यांवरचे लेख वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. झिजलेल्या चार अक्षरांवरून तो मेलेल्याचं वय, धंदा, गाव सांगे. आठवड्यापूर्वी त्याने पाहुण्यांच्या घोळक्यासमोर ब्रदरांची चूक काढली होती. एका लेखाचा काळ ते शंभर वर्षांनी अलीकडे सांगत होते. ब्रदरांनी त्याचे आभार मानले आणि त्या दिवसापासून बरोबर काळ सांगू लागले. एलायसला ते खटकलं. त्यांनी वाद घातला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑगस्टमधली भर दुपार होती. वर मळ्यात ऊन नुसतं भाजत होतं. खाली अंगावर काटा येईल असा गारवा. एलायसला आज तिसरा मजला पाहायचा होता. तिथे उतरायला एकच जिना, आणि विजेचे दिवे त्या जिन्याशीच संपत. ब्रदरांचे गुडघे दुखत होते. मी इथेच बसतो, म्हणाले, आणि शेवटच्या पायरीवर टेकले.

एलायसने बॅटरी लावली.

"नाव नसलेल्या कबरी आल्या की तू काय करतोस?" ब्रदरांनी विचारलं.

"पुढे जातो. कोऱ्या कागदावर काय वाचायचं?"

"खाली लहान कोनाडे पुष्कळ आहेत."

"माहीत आहे मला."

"वरच्या मजल्यावर पाहिलं मी... लहान कोनाडे आले की तू फार भरभर चालतोस."

एलायस अंधारात शिरला.

वाट अरुंद होती. दोन्ही खांदे भिंतीला लागत. बॅटरीच्या उजेडात कोनाडे येत आणि मागे जात. काहींची तोंडं कधीच फुटली होती, आत थोडी भुकटी आणि काळोख. त्याने दोन लेख उतरून घेतले. तिसऱ्याकडे वळला तेव्हा आवाज आला.

थप... थप...

ओल्या गिलाव्यावर तळवा मारावा तसा. जरा थांबून पुन्हा, थप... थप...

एलायस चिडला. डागडुजी चालली आहे आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. गवंड्यांच्या हातून एखादा लेख बुजला तर? तो आवाजाच्या रोखाने निघाला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. ओल्या चुन्याचा वास येऊ लागला. आवाज आता अगदी जवळ होता. तिसऱ्या वळणावर तो थांबला.

पुढे वाट संपली होती. तिथे कुणी नव्हतं. फावडं नाही, घमेलं नाही, दिवा नाही.

समोर एकच कोनाडा होता. लांबी अडीच हात. त्यावरचा चुना पांढराशुभ्र आणि ओला होता. नाव नव्हतं. एका कोपऱ्यात एक शिंपला दाबून बसवला होता, आणि त्याच्याखाली चार बोटांचे ठसे होते.

हे असं का करतात, ते एलायसला पाठ होतं. त्याने त्यावर निबंध लिहिला होता. अक्षरं कोरणं ज्यांना जमत नसे ते ओल्या चुन्यात मणी, शिंपला, काहीतरी दाबून ठेवत. पुन्हा आल्यावर आपलं लेकरू कुठलं ते ओळखू यावं म्हणून.

खात्री करायला त्याने हात पुढे केला. चारही बोटं त्या ठशांत बरोबर बसली. चुना गार होता, मऊ होता, आणि बोटांखाली किंचित दबला.

तेवढ्यात त्याच्या खांद्याशी कुणीतरी श्वास सोडला. लांब, थकलेला. फार मोठं काम हातावेगळं केल्यावर माणूस सोडतो तसा.

एलायसने वळून पाहिलं नाही. तो पळत सुटला.

ब्रदर पायरीवर तसेच बसले होते. खाली कोण काम करतंय, हे त्याने धापा टाकत विचारलं. आज तुझ्याशिवाय या जिन्याने कुणी उतरलं नाही, ब्रदर म्हणाले, आणि मी इथे आल्यापासून त्या मजल्यावर गवंडी लागलेला नाही. एलायसने हात उजेडात धरला. चारही बोटांना ओला चुना लागला होता. ब्रदर बराच वेळ त्या बोटांकडे पाहत राहिले. मग कठड्याला धरून उठले आणि म्हणाले, चल, दाखव.

दोघं त्या जागी गेले. कोनाडा तिथेच होता, शिंपला होता, ठसे होते. पण चुना करडा पडला होता आणि दगडासारखा घट्ट झाला होता. एलायसने नख ओढून पाहिलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

तो तिथेच खाली बसला.

मग तो बोलू लागला, भिंतीकडे तोंड करून. त्याला मुलगी होती, नेली. सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी भुईगावला तापाने गेली. फोन आला तेव्हा इथे रोममध्ये दुसऱ्याच दिवशी त्याची डॉक्टरेटची शेवटची परीक्षा होती. इरीन, त्याची बायको, म्हणाली होती, तुम्ही येईपर्यंत आम्ही दफनाला थांबतो. थांबू नका, असं त्यानेच सांगितलं. परीक्षा उत्तम झाली. त्यानंतर तो एकदाही गावी गेला नव्हता. नेलीच्या कबरीवर अजून नुसती माती आणि एक लाकडी क्रूस होता. दगडावर काय लिहायचं, एवढंच इरीन दर पत्रात विचारी. आणि दुनियेची थडगी वाचणाऱ्या या माणसाला एक ओळ सुचत नव्हती. लिहायचा आणि फाडून टाकायचा.

"काय लिहू, ब्रदर?"

ब्रदर मिंगेल या वेळी शब्द शोधत बसले नाहीत. त्यांनी एलायसला दंडाला धरून उठवलं. परत फिरताना त्यांनी त्याची बॅटरी आपल्या हातात घेतली आणि त्याच्या पुढे चालू लागले. प्रत्येक लहान कोनाड्यापाशी ते उजेड जरा थांबवत. एलायसही थांबे. जिन्यापर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला.

वर आले तेव्हा ऊन तसंच होतं. मळ्यात किडे कर्कश ओरडत होते. ब्रदरांनी लोखंडी दार लावून घेतलं.

मी उद्याच निघतो, एलायस म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला.

"पण दोन वर्षं झाली, ब्रदर. मूठभर माती टाकायची वेळसुद्धा गेली. आता जाऊन मी काय करणार?"

बोलता बोलता त्याचं हाताकडे लक्ष गेलं. त्या रखरखीत उन्हातही बोटांवरचा चुना चकाकत होता. त्याने खिशातून रुमाल काढला.

ब्रदरांनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. भुईगावला पोचेपर्यंत तो वाळायचा नाही."