सनईवाल्याची दाढ

हात चालवणारे दंतवैद्य पुष्कळ भेटतात. पण हात कुठे आवरायचा हे जाणणारे एक वृद्ध दंतवैद्य एका तालुक्याच्या गावी राहत असत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. बुद्धीने तल्लख, पण भारी उतावळा.

एकदा त्यांच्याकडे नारोबा गुरव नावाचे सनईवादक आले. खालची एक दाढ पडली होती आणि तिथे त्यांना हाडात बसणारे पक्के इम्प्लांट हवे होते. शिष्याने साध्या एक्स-रेवर पट्टी ठेवली. हाडातली नस चौदा मिलिमीटर खाली दिसत होती. त्याने लगेच बारा मिलिमीटरचा स्क्रू निवडला. स्क्रू जितका लांब तितकी पकड घट्ट, असे त्याचे मत.

ठरल्या दिवशी सगळी तयारी झाली आणि गुरुजी आत आले. त्यांच्या निरोपावरून नारोबांनी सनई सोबत आणली होती.

"नारोबा, जरा वाजवा बघू."

शिष्य चक्रावला. नारोबांनी खुर्चीत बसूनच एक छोटी धून वाजवली. गुरुजी त्यांच्या ओठाकडे टक लावून पाहत होते. धून संपल्यावर म्हणाले, "आज काही करायचं नाही. आधी स्कॅन."

"सर, हाड भरपूर आहे. आणि हे इतक्या लांबून आलेत."

"या एक्स-रेत सगळं असतं त्याहून मोठं दिसतं, हे तू शिकलायस. घाईत विसरलास. ती नस पुढे खालच्या ओठाला जाते, बाळा. तिला इजा झाली तर दाढ झकास बसेल, पण ओठ बधिर होईल. मग सनईची पत्ती ओठाला कुठे लागली, हेच यांना कळणार नाही. भोक पाडण्याआधी या माणसाचं काय जाऊ शकतं, ते तू ऐकावंस म्हणून वाजवायला लावलं."

स्कॅनमध्ये नस अकरा मिलिमीटरवरच निघाली.  शिष्याने स्वतःच्या हाताने बारा खोडून आठ लिहिले.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया पार पडली. इंजेक्शनची बधिरता उतरेपर्यंत शिष्य जेवायलाही उठला नाही. दर थोड्या वेळाने तो नारोबांच्या ओठाला कापूस लावी आणि विचारी, "कळतंय का?"

तिसऱ्या तासाला नारोबा म्हणाले, "कळतंय की, डॉक्टर. गुदगुल्या होतायत."

शिष्याने कापूस खाली ठेवला आणि गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले.