उतावळ्या मैनेची गोष्ट

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की गावाचं नावसुद्धा झिजून गेलंय, तेव्हा ते मला विचारू नका. त्या गावात एक रीत होती. गोष्ट सांगणाऱ्यानं वाक्य पुरं केलं की ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं. 'हं' थांबलं की गोष्टही तिथंच थांबवायची, मग सांगणारा कितीही मोठा असो. तुम्हीही म्हणत राहा हो, नाहीतर मी आपला उठलो!

या गावात केरोबा नावाचा कथेकरी होता. त्याची गोष्ट म्हणजे चोख बांधलेली. आधी आरंभ, मग गाठ, गाठीवर आणखी गाठ, आणि शेवटी उकल. कुठं म्हणून ढिलाई नाही. त्याला एकुलती एक लेक, येसू. येसू महिन्याची असताना तिची आई मैना तापानं गेली. आई कशी होती, कशी बोलायची, येसूला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. विचारायला गेलं की केरोबा दुसरीच गोष्ट काढायचा.

येसूचं लग्न ठरलं. सासर पार घाटाखाली, पुन्हा माहेरी कधी येणं होईल कुणास ठाऊक. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळदीच्या अंगानंच ती बापाजवळ येऊन बसली.

"आबा, उद्या मी जाणार. आज मला आईची गोष्ट सांगा. एकदा तरी तिला भेटायचंय मला."

केरोबानं कंबर कसली. लेकीसाठी साधीसुधी गोष्ट कशी चालेल! त्यानं नदीला पूर आणला, काठावर वाघ उभा केला, मैनेच्या हाती विळा दिला.

"हं," येसू म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा "हं". मग तो आवाज बारीक होत गेला, आणि वाघानं झेप घेतली तेव्हाच नेमका थांबला.

"का गं?" केरोबा दुखावला. "ऐन रंगात आली होती की!"

"वाघ छान आहे आबा. पण आईच्या जागी शेजारच्या काकूला उभं केलं तरी हीच गोष्ट होईल. यात माझी आई कुठाय?" आणि ती रडायलाच लागली.

केरोबानं वाघ तिथंच सोडला. "तुझ्या आईची गोष्ट होत नाही गं बाई," तो कसाबसा म्हणाला. "तिच्या आयुष्यात काही घडलंच नाही. नुसती उतावळी होती. भात शिजायच्या आत झाकण काढायची. आढीतले आंबे रोज दाबून बघायची. माझं वाक्य संपायच्या आधीच 'हं' म्हणून मोकळी!"

"हं," येसू म्हणाली. डोळे पुसून ती सरसावून बसली.

केरोबा चमकला. मग सावकाश पुढं बोलू लागला. "तू पोटात होतीस, तर ही बसली कुंची शिवायला. तुझी आजी ओरडली, अगं, जन्माआधी शिवू नये! ही म्हणे, मला धीर नाही. मुलगीच होणार, असं धरूनच बसली होती. कुंची झाली, मग परकर. पोर मोठी होईपर्यंत कोण थांबणार, म्हणून त्याहून मोठा परकर, मग आणखी..."

"हं! म्हणजे माझे ते सगळे कपडे..."

"तिनंच शिवलेले. मी एकही आणला नाही. तू वाढलीस की पेटीतून पुढचा काढायचो. कुणी शिवला, एवढंच सांगवत नव्हतं. आता पेटीत एकच लग्नाची चोळी उरलीय, ती..."

"हं!" येसू म्हणाली. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

केरोबा तिच्याकडे बघतच राहिला. असा हुंकार कानावर पडावा म्हणून तो इतकी वर्षं आसुसला होता. बापलेक दोघंही पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी येसू तीच चोळी घालून बोहल्यावर उभी राहिली. चोळी दंडाला घट्ट होत होती. अंदाजानं, तेही घाईत शिवलेली, दुसरं काय होणार! बायका म्हणाल्या, जरा उसवून देतो. येसूनं एक टाकासुद्धा उसवू दिला नाही.

त्यानंतर केरोबा गोष्ट सांगायला बसला की आधी माणसाची खोड सांगायचा, आणि मगच वाघाला आत येऊ द्यायचा.

म्हणून ध्यानात ठेवा: गोष्ट माणसाच्या स्वभावातून घडू द्यावी, म्हणजे गेलेलं माणूसही तिच्यात भेटतं.