राजा मणिधराने धरलेला श्वास

शेवंतापूरच्या योगशाळेत सगळे शवासनात आडवे पडले होते. डोळे मिटलेले, श्वास संथ. तेवढ्यात चिमा कुंभारणीच्या तोंडून निघून गेलं, “महाराज, हत्तींच्या नव्या हौदासाठी आमचा पाट वळवलात, तेव्हापासून माझी ठकी गढूळ पाणी पितेय.”

चिमाने जीभ चावली. शेजारच्या चटईवरून राजा मणिधर एक डोळा उघडून तिच्याकडे बघत होता.

योगशाळेचा रिवाजच तसा होता. राजा मुकुट आणि जोडे दाराबाहेर ठेवून आत येई आणि रिकाम्या दिसेल त्या चटईवर बसे. चिमाही बाळंतपणानंतर पाठ दुखते म्हणून तिथे येई, ठकीला पाठीशी बांधून नाहीतर शेजारी निजवून.

पण आज तिच्या एका वाक्याने कहर केला. एक विणकर जकातीबद्दल बोलला. दुसरा म्हणाला, हत्तींनीही आंघोळ करायची की नाही? दोन आजोबा एकमेकांच्या उपरण्याला झोंबले. अर्धी योगशाळा उठून बसली. शवं उठून भांडायला लागली!

“पुरे,” राजा म्हणाला. “आजपासून इथे राज्यकारभाराचा शब्द नाही. काढेल तो कायमचा बाहेर.”

“मग आम्ही बोलायचं कुठे?” चिमाने विचारलं, आणि मनात स्वतःलाच म्हणाली, गप्प बस ना गं बाई.

“दरबारात.”

“दरबारात गेले होते, महाराज. तुम्ही एवढे उंच बसता, की माझं बोलणं प्रधानजींच्या कानापाशीच संपतं. इथे आडवं पडलं की तुमचा कान माझ्या तोंडाच्या उंचीला येतो.”

लोक हसले. प्रधान नागोजीपंत तेवढे हसले नाहीत.

“असं?” राजाने मिशी कुरवाळली. “उद्या सगळ्यांना श्वास सांगायची पाळी तुझी ना? मग उद्या मला पटवून दे, की हे बोलणं योगशाळेत असायलाच हवं. पटलं, तर पाट तुमचा. पण पटवताना राज्यकारभाराचा शब्द काढायचा नाही. काढलास, की तू बाहेर आणि पाणी हत्तींना.”

“म्हणजे पोहायचं, पण पाण्यात उतरायचं नाही,” नागोजीपंत म्हणाले. आता मात्र ते पोटभर हसले.

घरी चिमाने माती अशी काही तुडवली, की नवरा धोंडू लांबूनच म्हणाला, “तुला किती वेळा सांगितलं, बोलायच्या आधी दहा आकडे मोज.”

“मोजते की. पण पाचावरच ते वाक्य बाहेर पडतं.”

एका पायाने माती तुडवता तुडवता दुसऱ्या पायाने ती पाळण्याची दोरी ओढत होती. दोरी जरा थांबली आणि ठकी रडू लागली. रडता रडता तिचा श्वासच कोंडला. ओठ निळे, डोळे मोठे. चिमा मातीतून धावली. तिने तोंडावर फुंकर मारली आणि ठकीने असा भोंगा पसरला, की चाकावरचं मडकं बसलं!

चिमा मडक्याकडे बघत राहिली. मग ठकीचा मुका घेऊन हसली.

दुसऱ्या दिवशी योगशाळेत चटईला चटई लागली होती. पाळीचा नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याची पाळी, त्याने ‘घ्या’ म्हटलं की श्वास घ्यायचा, ‘धरा’ म्हटलं की धरायचा आणि ‘सोडा’ म्हणेपर्यंत सोडायचा नाही. राजानेही नाही.

“घ्या,” चिमा म्हणाली. सगळ्यांनी छात्या फुगवल्या. “धरा.”

आणि ती ठकीचं टोपडं नीट बांधू लागली.

बांधून झालं. मग तिने ठकीचं नाक पुसलं. नागोजीपंतांचे गाल पुरीसारखे टम्म फुगले. राजाचं तोंड आधी डाळिंबासारखं झालं, मग जांभळासारखं. त्याने हाताने खूण केली. चिमाने अदबीने मान डोलावली आणि ठकीची दुसरी नाकपुडी पुसायला घेतली. पुसता पुसता तिने चोरून राजाकडे पाहिलं. हा माणूस खरंच मेला तर?

“अगं, सोडा म्हण!” राजाचा बांध फुटला. “मी या राज्याचा राजा आहे! माझा हुकूम आहे!”

सगळ्या योगशाळेने एकदम श्वास सोडला, आणि समई विझली.

“महाराज,” चिमा हळूच म्हणाली, “बंदी घातलेला शब्द आज पहिला कुणी काढला?”

राजाने दाराकडे पाहिलं. “पण मुकुट तर मी बाहेर ठेवला होता.”

“मुकुट राहिला बाहेर, हुकूम आला आत. कालची बंदीही तुम्ही याच चटईवरून घातलीत. ज्या दाराने हुकूम आत येतो, त्या दारात गाऱ्हाण्याला कसं अडवायचं? आणि दोघांनाही अडवायचं असेल, तर नियमाप्रमाणे आधी तुम्ही...” पुढचं तिने गिळलं.

“हिनेही हुकूम म्हटलं!” नागोजीपंत ओरडले.

“तिने माझाच शब्द मला परत दिला, पंत,” राजा म्हणाला आणि हसत सुटला. इतका, की पोट धरून चटईवर लोळला. ते बघून ठकीही खिदळली.

“पाट आज दुपारच्या आत तुमच्या कुंभारवाड्यात. ठकीला चांदीचे वाळे. आणि रोज शवासनानंतर गाऱ्हाणी ऐकू. पण एका पायावर, वृक्षासनात उभं राहून! पाय टेकला की बोलणं संपलं. उत्तर देणाऱ्यालाही हाच नियम.”

“याबाबत माझं निवेदन आहे,” म्हणत नागोजीपंतांनी पाय उचलला. “मुळात पाहता, आपल्या पूर्वजांच्या काळापासून...” आणि ते धाडकन राजाच्या मांडीवर आले.

चिमा मात्र ठकीला कडेवर घेऊन एका पायावर निवांत उभी होती. ठकी झाल्यापासून तिचा दुसरा पाय कायम पाळण्याच्या दोरीतच असायचा.

“महाराज,” ती म्हणाली, “विणकरांच्या जकातीपासून सुरुवात करू? मी दुपारपर्यंत मोकळी आहे.”

राजा पुन्हा हसता हसता आडवा झाला.