तळ्यावरची चक्रवाकी

डोंगरात माणसांपेक्षा पाखरं जास्त होती, त्या काळची गोष्ट. पायथ्याच्या गावात शेवंता नावाच्या दाईची एक सायकल होती. दर हिवाळ्यात तांबूस पंखांची एक चक्रवाकी वरच्या तळ्यांवरून खाली नदीवर येई आणि सायकलीपाशी बसून तिथल्या निळ्या पाण्याबद्दल बोलत राही. ती परत उडून गेली की सायकलीला करमत नसे.

“बाई, एकदा मला तळ्यांपर्यंत न्या,” सायकल म्हणाली.

“घाट फार उभा आहे गं. दोघींचाही जीव जाईल,” शेवंता म्हणाली. पण सायकलीचं झुरणं तिला बघवेना. पावसाळा सरल्यावर दोघी निघाल्या. वळणामागून वळण आलं, साखळी कुरकुरली, शेवंताला धाप लागली. शेवटचा चढ तिने सायकल ढकलतच पार केला.

वर निळं पाणी होतं, पण काठ रिकामा होता.

“चक्रवाकी कुठे आहे?” सायकलीने विचारलं.

“कालच खाली गेली,” तळं म्हणालं. “इथे असली की सारखी तुझ्याच गावाबद्दल बोलत असते.”

सायकल गावाच्या वाटेकडे वळली. मग हळूच म्हणाली, “बाई, उतारावर ब्रेक जरा कमीच दाबा.”