हद्द नसलेला डाव

"बाबा, हद्द उठवली तर खजिना भरेल ना?"

कारभारी अंताजीपंतांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा एक जोडा पायातच होता आणि दुसरा झोपडीच्या दाराशी उलटा पडला होता. एवढी घाई.

आत दुल्लेशा फकीर चिंचोके निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"कसली हद्द?"

"जुगारखान्याची..."

त्या संस्थानात जुगारखाना चोरून चालत नसे. राजाचाच परवाना होता. मक्तेदार खेळवायचा, लोक खेळायचे, आणि मक्तेदार जिंकेल त्यातला चौथा हिस्सा सरकारी घड्यात पडायचा. एका डावाला चवलीच्या, म्हणजे दोन आण्यांच्या, वर लावायचं नाही, अशी जुनी हद्द. गेल्या दसऱ्याला ती रुपयावर नेली. कागदावर शिक्का पंतांचाच होता.

"घडा चौपट भरला, बाबा. आणि खजिना... निम्मा झाला! साळ्यांची मागपट्टी येईना. बैलबाजाराची पट्टी येईना. सरकार म्हणतात, वसूल कमी पडतोय तर हद्दच काढून टाका. उद्या सकाळी शिक्का मारला नाही तर कारभार गेला. पाच पिढ्यांचा. आणि मारला तर..."

"मारला तर?"

पंतांनी दाराबाहेर, आल्या वाटेकडे पाहिलं.

येताना ते साळी आळीतून आले होते. भर दुपार, पण एकाही घरातून मागाचा खटका ऐकू येईना. एका उंबऱ्यावर बाई बसली होती. कारभारी दिसले की बाया उठून आत व्हायच्या. ही उठली नाही. पदरही सावरला नाही. नुसती बघत राहिली, भिंतीकडे बघावं तशी. पंतांनी तिथून जे पाय उचलले ते इथे येऊन टेकले.

"घाबरलायस," फकीर म्हणाला. "बस. खेळू."

"मी? शिव शिव! जन्मात कवडीला हात लावला नाही मी."

"अरे वा. आणि सगळ्या गावाने किती लावायचं ते तू ठरवतोस!"

फकिराने चाळीस चिंचोके मोजून पंतांपुढे सारले. मोठा ढीग स्वतःकडे ठेवला. मग एक करवंटी पंतांच्या डाव्या मांडीशी ठेवली.

"मी मक्तेदार. हे चाळीस चिंचोके रयतेचे. करवंटी म्हणजे सरकारी घडा. सरकारही तूच, रयतही तूच. सहा कवड्यांत चार उताण्या पडल्या की डाव तुझा. नाहीतर माझा. हद्द एक चिंचोका."

कवड्या पडू लागल्या. पंत हरले, जिंकले, हरले. बऱ्याच वेळाने छत्तीस उरले आणि फकिराने एक उचलून करवंटीत टाकला. टक्.

पंतांना हसू आलं. "असं तर दिवेलागणीपर्यंत चालेल, बाबा."

"चालेल की. मग घरी जाशील, जेवशील, सकाळी माग चालवशील. हद्द आता चारची."

करवंटी वाजू लागली. टक्, टक्. पंत मान तिरकी करून आत बघायचे. दोन... चार... सात! जीव सुखावला. पहिल्यांदाच त्यांनी मांडी सैल केली.

"घडा भरतोय ना, सरकार?"

"भरतोय!"

"आणि पुढ्यात?"

पुढ्यात बारा होते. पंतांनी पुन्हा मोजले. बाराच.

"आता हद्द नाही," फकीर म्हणाला.

पंतांनी बाराच्या बारा पुढे ढकलले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक एक करून लावता आले असते. कोणी अडवलं नव्हतं.

कवड्या पडल्या. दोन उताण्या, चार पालथ्या.

करवंटीत एकदम तीन चिंचोके पडले.

"शाबास! एका डावात तीन. एवढा वसूल आजवर झाला नव्हता."

"संपलं, बाबा." पंतांनी पुढ्यातली रिकामी जमीन चाचपली.

"संपेल कसं? हद्द उठलीय ना?" फकिराने पहिल्यांदा त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बोटात काय आहे?"

बोटात मोहरेची अंगठी होती. उद्याचा शिक्का हिनेच मारायचा.

पंत ओरडणार होते, 'वेड लागलंय का?' पण नजर कवड्यांकडेच वळली. आतून कोणी हळूच म्हणत होतं... एकदा. फक्त एकदा चार उताण्या पडू देत, सगळं परत येईल. आवाज त्यांचाच होता.

खाली बघतात तर अंगठी पेरावर आलेली. उजव्या हाताने ती कधी ओढली, पत्ता नाही.

"बाबा... माझा हात..."

"हं."

"मी नाही ओढली!"

"साळीही असंच म्हणतात."

पंतांनी करवंटी उचलून पालथी केली. दहा चिंचोके.

"चाळीस माझेच होते..."

"होते."

"आणि हे दहा..."

"सरकारचे."

"तीस?"

फकिराने आपल्या ढिगावर तळवा ठेवला.

बाहेर वारा पडला होता. कुठून तरी मागाचा एखादा खटका येईल म्हणून पंतांनी कान दिला. काही आलं नाही.

"बाबा, पाया पडतो. एवढं तरी सांगा. उद्या शिक्का मारू की नको?"

फकिराने सहाही कवड्या गोळा केल्या, पंतांच्या ओंजळीत ठेवल्या आणि त्यांची बोटं वरून मिटवली.

"उद्याचा शिक्का म्हणजे हाच डाव. अंगठी निम्मी निघालीच आहे, पंत. टाक डाव."